राणीच्या बागेतली सावली: उद्यान खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक, बृहन्मुंबई महानगरपालिका
आणि मा. संचालक, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय, भायखळा

विषय: बागेतली झाडं आणि त्यांच्याखाली दिवस काढायला येणारी कुटुंबं

स. न. वि. वि.

राणीच्या बागेत येणारी बहुतेक कुटुंबं प्राणी बघायला येतात आणि दिवसाचा मोठा भाग झाडाखाली काढतात. हे पत्र त्या झाडाखालच्या वेळेबद्दल आहे. बागेविषयीच्या बातम्या आणि घोषणा येतात त्या नव्या प्राण्यांच्या, नव्या पिंजऱ्यांच्या आणि तिकीटविक्रीच्या. लोक दुपारी बसतात कुठे, हे त्यांत क्वचितच असतं.

पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आले आणि २०१७ पासून आपल्याला बघायला मिळू लागले. काचेपलीकडे ते पाण्यात सूर मारतात तेव्हा पोरं कशी किंचाळतात, ते मी पाहिलंय. त्या आनंदाविरुद्ध माझं एक अक्षरही नाही. पण तिथली रांग सरकत असते आणि थोड्याच वेळात आपण बाहेर येतो. मग वाघ, अस्वल, पाणघोडा, पक्ष्यांचं मोठं दालन. मुलांच्या पायांनी हे सगळं दोन-अडीच तासांत होतं. तोवर डोक्यावर ऊन आलेलं असतं, पाण्याच्या बाटल्या अर्ध्या झालेल्या असतात आणि कडेवरचं पोर पेंगायला लागलेलं असतं. आता खरा प्रश्न येतो: बसायचं कुठे?

विरार, डोंबिवली, मानखुर्दहून दोन गाड्या बदलून आलेलं कुटुंब प्राणी बघून झाले म्हणून लगेच परत फिरत नाही. आजी गुडघे धरून आलेली असते. पिशवीत चपात्या, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, चिवडा असतो. एखाद्या मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली चादर पडते, डबे उघडतात. पुरुष टोपी तोंडावर घेऊन आडवे होतात. बायकांना आठवड्यातून एकदाच, घरातलं कुठलंही काम हाताशी नसताना बोलायला मिळतं. तासाभराने पोरांना पुन्हा जोर येतो. घरी गेल्यावर पोरं पेंग्विनचं सांगतात, पण सगळ्यांनी मिळून काढलेला दिवस हा या चादरीवरचा असतो.

मी लालबागमध्ये चाळीत राहते. आमच्यासारख्या घरांत अंगण नसतं, गॅलरी सामायिक असते आणि गच्ची असली तर तिला कुलूप असतं. गिरणगावातल्या माणसांसाठी राणीची बाग ही चालत जाता येईल अशी मोकळी जागा होती. चिंचपोकळीचा पूल ओलांडून किंवा लालबागहून सरळ खाली, लेकरांना खांद्यावर घेऊन लोक जायचे. १९८२ च्या गिरणी संपात घरात येणारा पैसा थांबला, तेव्हाही रविवारी बागेत जाणं थांबलं नव्हतं, असं माझे सासरे सांगत. खर्च फारसा नव्हता. जाताना शेंगदाणे घरूनच न्यायचे.

सासूबाई राजापूरकडच्या. त्यांना प्राण्यांत फारसं स्वारस्य नव्हतं. बागेत शिरल्या की त्या वर बघत चालायच्या. बकुळ दिसली की थांबायच्या. खाली पडलेली फुलं पदरात वेचून, केळीच्या सोपाच्या दोऱ्यात त्यांचा वळेसर कसा करायचा ते माझ्या मुलीला त्यांनी तिथेच शिकवलं. वास सुकल्यावरही जात नाही, हे तिला पुस्तकातून कळलं नसतं. गावाशी संबंध तुटलेल्या मुंबईकर मुलाला झाडाची ओळख करून देणारं माणूस बहुतेक वेळा घरातलंच म्हातारं माणूस असतं, आणि त्या दोघांना एकत्र निवांत बसायला मिळेल अशी जागा शहरात फार कमी उरली आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरसुद्धा भरत नाही. तेवढ्यात एक चादरही पुरती पसरत नाही.

म्हणून माझी मागणी आधीच मांडते. राणीच्या बागेची झाडं हेच तिचं मुख्य दालन मानावं, आणि झाडाखाली बसणं हा तिथला मुख्य कार्यक्रम मानून त्याची सोय करावी.

यात मी नवीन काही सुचवत नाही. ही बाग मुळात झाडांचीच आहे. पश्चिम भारतातल्या शेती आणि बागायतीसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची वनस्पतींची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. पुढच्या दशकात ती पालिकेकडे आली आणि प्राणिसंग्रहालयाची भर त्यानंतर पडली. ५० एकरांच्या आसपासच्या या जागेत आज ३,००० हून अधिक झाडं आणि २५० हून अधिक जाती आहेत. गेल्या दीडशे वर्षांत ती कुणी तरी आणली, लावली, उन्हाळ्यात पाणी घालून जगवली. त्यांतली कित्येक या शहरात इतरत्र शोधून सापडणार नाहीत.

कैलासपती घ्या. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. याची फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट बुंध्यावर लोंबणाऱ्या काटक्यांना येतात. पाकळ्यांच्या मधोमध नागाने फणा धरावा तसे पुंकेसर वाकलेले असतात, म्हणून आपल्याकडे तो महादेवाच्या देवळाजवळ लावतात. फळ तोफेच्या गोळ्याएवढं. सात-आठ वर्षांच्या मुलाला त्या झाडापुढे उभं करा आणि फूल कुठे आलंय ते शोधायला सांगा. ते आधी वर बघतं, मग गोंधळतं, मग बुंध्याकडे बोट दाखवून ओरडतं. वाघ दिसल्यावर ओरडतं तसंच.

गोरखचिंच आफ्रिकेची. तिचा बुंधा इतका जाड की चार-पाच मुलांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न करावा. कोरड्या प्रदेशात ती त्या बुंध्यात पाणी साठवते. पांढरी मोठी फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात आणि सकाळी बाग उघडते तेव्हा ती मातीवर पडलेली असतात. रात्री ही बाग कशी जागी असते, याचा हा एवढाच पुरावा आपल्याला मिळतो. झाडू फिरण्यापूर्वी तो मुलांना दिसला तर किती बरं!

आणि उर्वशी. ही ब्रह्मदेशातली. उन्हाळा लागण्याच्या सुमारास तिला फुलं येतात. लांब झुंबरांसारखे लाल घोस, त्यांवर पिवळे ठिपके. कोवळी पानं आधी तांबूस, मऊ आणि लुळी लोंबतात, जणू सुकलीच आहेत असं वाटतं. मग हिरवी होऊन ताठ होतात. हे झाड बघण्यासाठी वनस्पतिशास्त्राची माणसं मुद्दाम वाट वाकडी करून येतात, आणि त्याच वेळी त्याच्या शेजारून शेकडो कुटुंबं पुढच्या पिंजऱ्याकडे जाणारा बाण बघत निघून जातात. त्यात त्यांचा दोष नाही. बाण जिकडे दाखवतो तिकडे माणूस जातो. मग एक बाण उर्वशीकडेही दाखवू दे.

फेब्रुवारीत फुलली की प्रवेशद्वाराशीच मोठ्या अक्षरांत लिहावं, 'उर्वशी फुलली आहे, इकडून जा.' मे महिन्यात ताम्हण फुलते. ते महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, आणि शाळेत त्यावर एका मार्काचा प्रश्न येतो, पण मुलांनी ते झाडावर पाहिलेलं नसतं. बागेत आज काय फुललंय, कुठल्या झाडाखाली फळं पडलीत, कुठे घरटं आहे, हे एका साध्या फळ्यावर खडूने रोज लिहायला खर्च येत नाही. रोज बदलणारा हा फळा असला तर माणसं बागेत पुन्हा येतील, नवा प्राणी आला नसला तरी.

झाडांवरच्या पाट्यांबद्दलही लिहायचंय. शास्त्रीय नाव असावंच. पण त्याखाली मराठी नाव मोठ्या टाइपात, कुठल्या देशातलं, कुठल्या महिन्यात फुलतं, आणि पानाचा, फळाचा, लाकडाचा काय उपयोग, एवढं चार ओळींत असावं. पाटी मुलाच्या उंचीवर असावी आणि झाडाला खिळा मारून लावलेली नसावी. २०२१ मध्ये राज्याच्या झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. राणीच्या बागेतली कितीतरी झाडं या व्याख्येत बसतात. त्यांच्या पाटीवर 'वारसा वृक्ष' आणि अंदाजे वय लिहा. आपल्या आजीपेक्षा, तिच्याही आजीपेक्षा हे झाड मोठं आहे हे कळल्यावर मूल त्याच्या सालीवर नाव कोरायला कचरेल, असा मला विश्वास आहे.

हे सांगायचं कुणी, असा प्रश्न येईल. माझं उत्तर तयार आहे: माळ्यांनी. बागेत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला कुठल्या फांदीवर कुठला पक्षी दरवर्षी येतो, कुठल्या झाडाला पावसात बुरशी लागते, कुठलं रोप कुठून आणलं, हे माहीत असतं. हे ज्ञान त्याच्याबरोबर निवृत्त होतं. रविवारी सकाळी तासभर झाडांची ओळख करून देणारी फेरी असावी, ती माळीकाकांनी आणि माळीणबाईंनी चालवावी, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा. ते इंग्रजी नावं घेणार नाहीत, लाजतील, सुरुवातीला कमी बोलतील. चालेल. हाताने पान चुरगळून नाकाशी धरायला सांगणारा माणूस मुलांना छापील माहितीपेक्षा जास्त शिकवून जातो. दरवर्षी बागेत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला केवढी गर्दी लोटते ते आपण पाहताच. मुंबईकरांना फुलांची आवड नाही असं म्हणायला जागाच नाही. प्रदर्शनाचे मोजके दिवस संपल्यावरही ती आवड टिकवायची आहे.

आता बसण्याबद्दल. शहरातल्या एका उद्यानात आम्ही हिरवळीवर सतरंजी टाकली तेव्हा शिट्टी वाजली आणि आम्हाला उठवलं गेलं. सोबत आजारातून उठलेली माझी बहीण होती. तिला टेकायला दुसरीकडे सावलीत बाक नव्हता, आणि जे होते ते उन्हात तापलेले. रक्षकाचा दोष मी मानत नाही. त्याला जसं सांगितलं होतं तसं त्याने केलं. पण हिरवळ बघण्यापुरती राखायची आणि माणसांनी सिमेंटवर उभं राहायचं, ही पद्धत कुटुंबांसाठीच्या बागेला शोभत नाही. राणीच्या बागेत हे कधी होऊ नये, म्हणून ते इथे लिहिते. काही हिरवळींना विश्रांती द्यावी लागते, हे समजतं. मग आलटून पालटून द्या. या महिन्यात ही बंद, ती खुली, अशी पाटी लावा. लोक ऐकतात.

झाडाच्या बुंध्याभोवती फरशी आणि सिमेंटचा पार बांधून त्यालाच आसन म्हणायची सवय आता सोडायला हवी. पारावर माणूस बसतो खरा, पण मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि पावसाळी वाऱ्यात तेच झाड उन्मळतं. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्येच सांगितलं की बुंध्याभोवतीची एक मीटर जागा सिमेंटपासून मोकळी ठेवा. आपण तेवढं तरी करू. बाक बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेला ठेवले तर सावलीही मिळते आणि मुळंही सुटतात. बाकाला पाठ हवी आणि हाताला आधार हवा, कारण साठी ओलांडलेल्या माणसाला बसण्यापेक्षा उठताना जास्त त्रास होतो.

डबा खाण्यासाठी वेगळी सावलीतली जागा ठरवून द्या. तिथे हात धुवायला नळ, ओला आणि सुका कचरा वेगळा टाकायला झाकणाची पिंपं, आणि पिण्याचं गार पाणी असू द्या. प्लास्टिकवर कडक राहा. त्यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, कारण हरणाच्या पोटात गेलेली पिशवी बाहेर काढता येत नाही. पण स्टीलच्या डब्याला अडवू नका. ज्याला चौघांसाठी उपाहारगृहात खाणं परवडत नाही, त्याच्यासाठी तो डबाच सहल शक्य करतो. २०१७ मध्ये मोठ्यांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० वर गेलं, तेव्हा आई, वडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपये असं एकत्र तिकीट ठेवलं गेलं. तो निर्णय शहाणपणाचा होता. पुढे कधी दर बदलले तरी हे कौटुंबिक तिकीट काढून टाकू नका, आणि जमलं तर त्यात आजी-आजोबांनाही धरा. कुटुंब म्हणजे चारच माणसं, असं आमच्या घरांत नसतं.

स्वच्छतागृहं आणि हिरकणी कक्ष यांवर जास्त लिहीत नाही, ती कुठल्याही सार्वजनिक जागेची पहिली अट आहे. फक्त एवढंच, की ती बागेच्या एका टोकाला एकवटू नयेत. तान्हं बाळ घेऊन आलेली आई आणि लघवी धरून ठेवता न येणारे आजोबा, दोघांनाही लांबचं अंतर चालवत नाही.

आणखी एक विनंती मोठी आहे. बागेचा जो भाग झाडांचा आहे तिथे यापुढे नवं बांधकाम नको. मागे बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना आली, तेव्हा याच शहरातल्या नागरिकांनी झाडं मोजून, नोंदी करून, वारसा म्हणून या जागेचं काय मोल आहे हे चिकाटीने मांडलं. त्यात बायका पुढे होत्या, याचा मला अभिमान वाटतो. त्यांच्यामुळे आज माझी मुलगी त्या सावलीत बसते. नव्या प्राण्यांसाठी शेजारच्या जागांवर विस्तार करायचा असेल तर त्यावर स्वतंत्र चर्चा होऊ द्या. पण जुन्या झाडांमधली मोकळी माती रिकामी जागा समजून वापरली जाऊ नये. ती रिकामी नाही. तिथे मुळं आहेत आणि दुपारी तिथे माणसं असतात.

इकडे महालक्ष्मीला रेसकोर्सच्या १२० एकरांवर सेंट्रल पार्क करण्याचं ठरलं आहे. सागरी किनारा रस्त्यालगतची मोकळी जमीन त्याला जोडायची आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण आज तिथे लावलेलं रोप मोठं होऊन त्याच्याखाली एक कुटुंब दुपारी बसू शकेल, तोवर माझी नात कॉलेजात जाईल. सावलीला वेळ लागतो आणि तो निविदा काढून विकत मिळत नाही. राणीच्या बागेत हा वेळ आधीच खर्ची पडलेला आहे. त्यामुळे नवं उद्यान आखणाऱ्यांनी भायखळ्याला यावं, मे महिन्यात दुपारी एक वाजता, आणि लोक कुठे बसलेत ते मोजावं. कुठल्या झाडाखाली गर्दी आहे, कुठे कुणीच नाही, कुठे माती घट्ट झालीय. त्यावरून महालक्ष्मीला काय लावायचं हे ठरवावं. नुसते खजुरी ताड रांगेत लावले तर ती बाग छायाचित्रात छान दिसेल आणि दुपारी ओस पडेल.

बागेच्या दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. परदेशी न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला, तुकडे इथे राहिले आणि पुढे जोडले गेले. ही गोष्ट मुलांना फार आवडते. झाडांची फेरी या हत्तीपासून सुरू करता येईल. त्याने आपल्या जागेवरून हलून जे सोसलं, तसंच दूरदेशाहून येऊन इथल्या पावसात रुजलेल्या झाडांनीही सोसलं आहे, आणि मुलांना हे दोन्ही एका सकाळी बघायला मिळेल.

शेवटी एक प्रत्यक्ष प्रस्ताव ठेवते. येत्या फेब्रुवारीत, उर्वशी फुलत असताना, एका रविवारी सकाळी झाडांची पहिली फेरी ठेवून बघा. आमच्या चाळीतल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या काही बायका मदतीला यायला तयार आहेत. मुलांना रांगेत ठेवणं, फळ्यावर लिहिणं, खाली पडलेली फुलं आणि फळं गोळा करून टेबलावर मांडणं, डब्यांच्या जागी कचरा वेगळा करायला सांगणं, हे आम्ही करू. ज्यांना झाडं ओळखता येतात अशा दोन आजीबाईही आमच्याकडे आहेत. त्यांना बसायला खुर्ची आणि चहा एवढंच लागेल. तुमच्याकडून दोन माळी, एक फळा आणि प्रवेशद्वारावर आठवडाभर आधी लावलेली सूचना हवी. बुधवारी बाग बंद असते, तेव्हा त्या दिवशी बोलायला भेटता आलं तर आम्ही कधीही येऊ.

आपली,
लालबागमधली एक रहिवासी